रेघेखालचं नाव

मडगावच्या नोंदणी कार्यालयात, जिन्याखालच्या टेबलाशी
मी लोकांना त्यांच्या जुन्या पोर्तुगीज नोंदी वाचून देते.
वाळवीनं खाल्लेली आडनावं, तपकिरी पडलेली शाई.
बेंजामिन बार्नेट आले, पिशवीत माझ्यासाठी सोलं घेऊन.
बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, इथल्या वहीत दुसरं.
"यातला मी कोण, तेवढं सांग, बाय."

वही एकावन्न सालची, पान एकशे बारा.
बेनोनी.
त्यावर एक रेघ. आणि वर, वेगळ्या हस्ताक्षरात,
बेंजामिन.
समासात सही आहे. कारण लिहिलेलं नाही.

कारण फार जुनं आहे.
एफ्राथच्या वाटेवर राहेल अडली,
जीव जाता जाता लेकराला म्हणाली, बेनोनी,
माझ्या दुःखाचा मुलगा.
याकोब म्हणाला, नको. बन्यामीन.
उजव्या हाताचा मुलगा.

राशोलचे म्हातारे फादर बाझिलियु सांगत,
ओन या शब्दाला दोन पोटं आहेत:
एकात दुःख, एकात अंगातलं बळ.
"राहेलला कुठलं म्हणायचं होतं, कुणी विचारलं नाही.
वेळही नव्हता."
मी म्हटलं, फादर, आमच्याकडे सुईण ओरडते ना,
कळ दे गो, कळ दे!
जी सोसायची, तीच द्यायची.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग यामीन. उजवा हात, आणि दक्षिण दिशाही.
उगवतीकडे तोंड करून उभं राहा, कळेल.
मला कळायला उभं राहावं लागलं नाही:
आमचा 'दक्षिण'ही उजवाच, प्रदक्षिणेतला.
म्हणजे एकमेकांना न ओळखणारे दोन म्हातारे
एकाच सूर्यापुढे कधीतरी उभे होते.
फक्त आमची दक्षिण यमाची,
तिकडे पाय करून झोपू देत नाहीत.
आणि कूस उजवली म्हणतो आम्ही,
त्यातला उजवा कुठला, मला अजून ठाऊक नाही.

बार्नेट ऐकत होते, टोपी गुडघ्यावर.
आई एर्मेलिंदा. असोळण्याहून होडीत घातली,
ऑस्पिसियोत न्यायची म्हणून.
साळ नदीच्या पलीकडच्या धक्क्यावर मी झालो
आणि ती तिथंच राहिली.
शेवटचं बोलली, "म्हजें दूख."
सुईणीनं ते पाद्रीला सांगितलं,
पाद्रीला शास्त्र पाठ.

वडील बैराला, रेल्वेत. चार महिन्यांनी बोट लागली.
घरी न जाता आधी इथं आले.
मग धक्क्याजवळ गुडघाभर उंचीचा क्रूस बांधला,
त्याला चुना अजून मी लावतो.
(याकोबानंही वाटेवर दगडच उभा केला होता.
हे मी बोलले नाही.)

"मग, बाय?"
कायद्यानं बेंजामिन, मी म्हटलं. कापलेलं नाव धरत नाहीत.
त्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांशी नेलं.
"पायनं कापलंय खरं. पण बघ,
वाचता येईल असं कापलंय."

अर्जावर सही करायला पेन दिलं,
ते त्यांनी डाव्या हातात घेतलं.
शाळेत हा हात बाकाला बांधायचे, म्हणाले.
मग मला सांगावंच लागलं, शास्त्यांच्या पुस्तकातलं:
बन्यामिनाच्या कुळात सातशे जण डावखुरे होते,
गोफणीनं केसावर नेम धरणारे.
इतके हसले की शिपाई बघायला आला.

ते गेल्यावर नक्कल लिहायला घेतली.
खोडलेलं नक्कलेत घ्यायचं नाही, असा नियम आहे.
मी आधी बेनोनी लिहिलं,
शाई वाळू दिली,
मग पट्टी ठेवून त्यावर रेघ ओढली,
हात जमेल तितकी बारीक.